फ्रिजवाल्यांचा जपानी कान

फ्रिजवाल्यांच्या दुकानावर पाटी होती : 'मशीन खोटं बोलत नाही आणि आमचा कान खोटं ऐकत नाही.' पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती आणि तीस वर्षांत ती खाली उतरवायची वेळ आली नव्हती. पद्धत सोपी होती. गिऱ्हाइकाने फोन करायचा, फोन फ्रिजच्या पाठीला लावायचा, आणि इकडे फ्रिजवाल्यांनी डोळे मिटून सांगायचं की पंखा घासतोय, कॉम्प्रेसर चालू करणारी रिले गेलीये, किंवा फ्रिजला काही धाड भरलेली नाही, वर ठेवलेला स्टीलचा डबा खाली घ्या. डबा खाली घेतला की आवाज बंद! गिऱ्हाईक पुढची दहा वर्षं दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही.

आता इतका तयार कान असलेल्या माणसाचं गाण्याशी मात्र कधी जमलं नाही. गाणं म्हणजे मशीनचा आवाज ऐकू न देणारा आवाज, एवढीच त्यांची त्या विषयातली समज. दुकानात रेडिओ नाही, घरात रेडिओ नाही, आणि बायको स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली की हे विचारायचे, "अगं, मिक्सर चालू राहिलाय का?"

बायकोने ते कधी मनावर घेतलं नाही. लेकीने घेतलं. चार वर्षांपूर्वी ती आपल्या खोलीत दार लावून कसलंसं जपानी संगीत ऐकत बसली होती. शब्द नाहीत, ताल नाही, नुसती घुमघुम आणि मधूनच एक टण्. फ्रिजवाले स्क्रूड्रायव्हर घेऊन आत शिरले, स्पीकर उलटा केला, चार स्क्रू काढले आणि जाहीर केलं की याचं आतून काहीतरी सुटलंय, चालवू नकोस, जळेल. लेक म्हणाली, हे असंच असतं. फ्रिजवाले म्हणाले, असं काही नसतं, मी पंचवीसेक वर्षं ऐकतोय. स्पीकर पुन्हा जोडला तेव्हा तो खरोखरच बंद पडला होता.

त्यानंतर लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. दर रविवारी फोन यायचा, पण आईला. तासभर हसणं-खिदळणं व्हायचं, आणि फोन फ्रिजवाल्यांच्या हातात आला की, "बरे आहात ना बाबा? बरं, ठेवते." भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. पण मशीन सुरू आहे आणि आत गारवा नाही, यातला बिघाड त्यांच्याइतका कुणाला कळणार! रोज कळत होतं आणि हात घालायला जागा सापडत नव्हती.

मग एके दिवशी सुटे भाग ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी लेकीचं कपाट आवरायला घेतलं. तळाशी गाणी वाजवायचं तिचं जुनं छोटं यंत्र होतं, आणि त्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी : 'जपान, शांत'. चालतंय का बघावं, या शुद्ध धंद्याच्या हेतूने त्यांनी हेडफोन कानाला लावले. तीच घुमघुम. तेच टण्. ते बिघाडाची वाट बघत स्टुलावर बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घुमघुम एकसारखी, कुठे खरखर नाही, कुठे धाप नाही. पाऊण तासाने बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा नवरा हातात रिकामा खोका घेऊन भिंतीकडे बघत होता.

"काय झालं हो? बरं वाटत नाहीये का?"

"अगं," फ्रिजवाले हळूच म्हणाले, "यात काहीच बिघाड नाहीये."

त्यांच्या तोंडून एवढी मोठी स्तुती बायकोने लग्नात, बाळंतपणात, कधीच ऐकली नव्हती. ती गुपचूप ताट झाकून ठेवायला गेली.

आता कुणीही साधा बाप त्या रविवारी लेकीला म्हणाला असता, बेटा, चुकलो, तुझं संगीत चांगलं आहे. पण फ्रिजवाले पडले पाटीवाले. नुसतं आवडलं म्हणून चालायचं नाही. आधी त्या विषयात तयार व्हायचं, मग लेकीने ऐकलेलं नसेल असं काहीतरी शोधून तिला सुचवायचं, म्हणजे तिला कळेल की बापाचा कान आता दुरुस्त झालाय. एकदा ठरलं म्हणजे ठरलं. शेजारच्या मोबाईलवाल्याकडून त्यांनी फोनमध्ये जपानी संगीत उतरवून घ्यायला शिकून घेतलं आणि रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून अभ्यास सुरू केला.

अभ्यास नुसता स्वतःपुरता ठेवला असता तरी निभावलं असतं. पण चांगली वस्तू मिळाली की चार लोकांना सांगायचीच, हा त्यांचा स्वभाव. बायकोला त्यांनी थेंबांचा आवाज असलेली एक रचना ऐकवली. ती बिचारी तीनदा उठून मोरीतला नळ बघून आली आणि चौथ्यांदा नळाला फडकं बांधून आली. समोरच्या न्हाव्याला तर त्यांनी दिवसभराचं संगीत भरूनच दिलं, गिऱ्हाईक कसं शांत बसेल बघ म्हणाले. दुसऱ्या दिवशी न्हावी सगळं परत घेऊन आला. गिऱ्हाईक शांत बसत नाही, झोपतं, असं त्याचं म्हणणं पडलं. मान अचानक एका बाजूला पडते आणि वस्तरा असतो माझ्या हातात! एक जण तर दाढी झाल्यावरही उठेना, पुढच्या माणसाची दाढी उभ्यानेच करावी लागली. फ्रिजवाल्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग याहून जरा जागं ठेवणारं देऊ का?

या अभ्यासात एकच अडचण होती. रचनांची नावं जपानी लिपीत, आणि त्यांच्या फोनवर त्या लिपीच्या जागी नुसत्या चौकोनी खिडक्या दिसायच्या. म्हणून त्यांनी सगळ्यांना आकडे देऊन टाकले. आणि गिऱ्हाईक आपल्या मशीनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे, त्यांनाही ते आधीपासून आकडेच देत होते. सगळं एकाच ठिकाणी, ओळीने. त्यात गोंधळ व्हायचं कारणच काय, कान होता ना!

त्या शुक्रवारी फुलवाल्या बाईंचा फोन आला. फुलं गार ठेवायचं त्यांचं मोठं काचेचं कपाट काहीतरी वेगळंच बोलतंय, आणि उद्या एका हॉटेलच्या उद्घाटनाची पांढऱ्या फुलांची मोठी ऑर्डर आहे, कपाट बंद पडलं तर मी मेले, असं बाई एका दमात म्हणाल्या. फ्रिजवाल्यांनी त्यांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं. त्याच तासात त्यांनी एक नवी जपानी रचनाही उतरवली. एकसष्ट आणि बासष्ट. त्यातलं एक चार मिनिटांचं, एक बेचाळीस मिनिटांचं. हिशेब सरळ होता : गिऱ्हाईक कधी पाच मिनिटांच्या वर पाठवत नाही, आणि जपानी माणूस पाऊण तासाशिवाय थांबत नाही.

चार मिनिटांचं त्यांनी आधी ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. घुमघुम सुरू व्हायची, वीस सेकंदांत मरायची, पुन्हा सुरू व्हायची, आणि वर पत्र्यावर पातं घासल्यासारखी किणकिण. त्यांनी ताबडतोब बाईंना फोन लावला.

"बाई, रिले गेलीये, पंख्याचं पातं वाकलंय, आणि कॉम्प्रेसर शेवटच्या घटका मोजतोय. फुलं बाहेर काढा. मी सामान घेऊन तासाभरात येतो."

मग त्यांनी निवांतपणे बेचाळीस मिनिटांचं लावलं. काय सांगू तुम्हाला! खालून एक जाड, उबदार घुमघुम, जरा डोलणारी. लांबवर कुठेतरी एक छोटी घंटा, कधी एकदा, कधी दोनदा. मधूनच थेंब. मधूनच कात्री चालावी तशी खच्, खच्. आणि अगदी शेवटी सगळं तीन मऊ हादरे देऊन थांबायचं. फ्रिजवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस शोधत होते ते हेच. त्यांनी ते तसंच लेकीला पाठवलं आणि खाली दहा मिनिटं खपून लिहिलं : 'हे ऐक. तू ऐकलं नसशील. शेवट फार सुंदर आहे. त्या वेळी मी तुझा स्पीकर उघडायला नको होता. बाबा.'

फुलवाल्या बाईंच्या दुकानी पोचले तेव्हा मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. घरातल्या सगळ्या बादल्या, दोन टब आणि नातवाचं आंघोळीचं घमेलं, सगळ्यात पांढरी फुलं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फ्रिजवाल्यांनी कपाटाची मागची जाळी उघडली. पंख्याचं पातं सरळ. रिले ठणठणीत. त्यांनी नवं पातं पिशवीतून काढलं, पुन्हा पिशवीत ठेवलं, आणि कान पुढे केला.

खालून एक जाड, उबदार घुमघुम येत होती, जरा डोलणारी.

पुढे दुकानात गिऱ्हाईक शिरलं आणि दारावरची घंटा वाजली. कपाटातलं पाणी तळाच्या ट्रेमध्ये ठिबकलं. बाईंनी घाबऱ्या घाबऱ्या तीन देठ कापले. खच्, खच्, खच्. आणि मग कपाट तीन मऊ हादरे देऊन थांबलं.

फ्रिजवाले बादल्यांच्या मधोमध खाली बसले. बाईंना वाटलं कॉम्प्रेसर गेला, त्या रडायच्याच बेतात आल्या. फ्रिजवाल्यांनी कसंबसं विचारलं की बाई, तुम्ही रेकॉर्डिंग किती वेळ केलंत? बाई ओशाळल्या. फोन कपाटावर ठेवला, बटण दाबलं आणि कामाच्या नादात विसरूनच गेले भाऊ, चाळीसेक मिनिटं तरी झाली असतील. जास्त झालं का?

आता चित्र स्वच्छ होतं. जपानमधल्या कुण्या थोर कलाकाराला त्यांनी रिले बदलायला सांगितली होती, आणि चार वर्षांनी लेकीची मनापासून माफी मागताना तिला एक फ्रिज पाठवला होता. ती म्हणेल, बाबा अजून थट्टाच करतायत. आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेकीचा. शुक्रवारी, दुपारी, आणि आईला नाही, त्यांना!

फ्रिजवाल्यांनी हात पँटला पुसले आणि फोन उचलला. ती काही बोलायच्या आतच यांनी सांगून टाकलं की चूक झाली, ते जपानी नाही, फुलवाल्या बाईंचं कपाट आहे, मी थट्टा केली नाही, मला खरंच ते गाणं वाटलं.

"मला माहितीये बाबा," लेक म्हणाली. "पहिल्याच मिनिटाला कळलं. कॉम्प्रेसरच्या खालचं डावीकडचं रबर दबलंय. म्हणून तो डोलतोय, म्हणून थांबताना आपटतोय. बघा."

फ्रिजवाले आडवे झाले, कपाटाखाली हात घातला. डावीकडचं रबर भाकरीसारखं चपटं झालं होतं. तीस वर्षांचा कान, आणि बिघाड सापडला तो दोन शहरं पलीकडे बसलेल्या पोरीला.

"मग फोन का केलास?" त्यांनी पडल्या पडल्याच विचारलं.

"तो शेवट चार वेळा ऐकला म्हणून." लेक म्हणाली. "लहानपणी दुकानात फ्रिजच्या मधे गोधडी टाकून झोपायचे ना मी, तसंच वाटलं. मला ते संगीत का आवडतं, तुम्हाला काय वाटलं होतं? ते ऐकलं की घरी असल्यासारखं वाटतं. तुम्हीच म्हणालात, यात काहीतरी सुटलंय."

बाईंनी फ्रिजवाल्यांना पाणी दिलं, ते त्यांनी पडल्या पडल्याच प्यायचा प्रयत्न केला आणि अर्धं बादलीत गेलं. फोन पाऊण तास चालला. पुढच्या रविवारी आधी तुमच्याशी बोलेन आणि मग आईशी, असं लेक म्हणाली. शिवाय ते चार मिनिटांचं जपानी पाठवा, असंही म्हणाली. 'शेवटच्या घटका मोजतोय' हे शब्द यांनी तिला सांगितले नाहीत.

मग त्यांनी नवं रबर बसवलं. कपाट असं चालू लागलं की चालू आहे की नाही, हे बघायला हात लावावा लागे. फुलं आत गेली, बाईंच्या जिवात जीव आला, हॉटेलची ऑर्डर वाचली. काम कसं, अगदी पाटीला शोभेल असं झालं होतं. पिशवी उचलून निघणार, तेवढ्यात लेकीचा संदेश आला :

'बाबा, दुरुस्त करायची घाई करू नका. आधी अजून एक तासभर रेकॉर्ड करून घ्या.'

फ्रिजवाल्यांनी त्या गप्प कपाटाकडे बघितलं. मग हातातल्या चपट्या रबराकडे बघितलं. मग पिशवी पुन्हा खाली ठेवून ते बाईंना म्हणाले, "बाई, एक विचारू का? फुलं परत तासभर बाहेर काढता येतील?"