म्हादूची आठवी नोकरी

आमच्या राणीसावरगावात म्हादूच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की ते त्याच्या पायांवरून कळतं. एरवी हा बाप्या बारा महिने अनवाणी. पायात बूट दिसले की समजायचं, कुठंतरी सोयरीक आली आणि म्हादूनं नोकरी धरली.

आता तुम्ही म्हणाल, पाच एकर काळीभोर जमीन असताना नोकरी कशाला? अहो, मुलीकडचे पहिला सवालच टाकतात, मुलगा काय करतो? शेती म्हटलं की अर्धा चहा ठेवून उठतात. म्हणून म्हादू माझ्या बी-बियाणं, औषधांच्या दुकानात येतो. "आठ दिवस ठिवा भाऊ. पगार नगं, दाखवण्यापुरतं हाय." सोयरीक मोडली की साहेब पुन्हा शेतात. अशा सात नोकऱ्या झाल्या, साती माझ्याकडंच.

असला नोकर वैऱ्यालाही मिळू नये. गिऱ्हाईक औषध मागायला आलं की हा माझ्यादेखत त्याला म्हणणार, "कशाला फवारायलास? रानात पाणी साचलंय. चर काढ, जा."

आठव्या खेपेला जिंतूरकडची सोयरीक आली. मुलगी त्याच्या मनात भरली होती. "तिनं इचारलं, बांधावर सीताफळ हाय का. आजवर माझ्या रानाबद्दल कुणी इचारलंच न्हवतं, भाऊ." घरी येऊन गड्यानं सीताफळाची आणखी दोन रोपं लावली.

मग एक दिवस दुकानात पिवळं पडलेलं सोयाबीन घेऊन एक मामा आले. म्हादूनं तासभर त्यांना समजावलं, औषध घेऊ दिलं नाही, वर भर कामाच्या वेळी मोटारसायकलवर बसवून स्वतःचं रान दाखवायला नेलं. ते मुलीचे मामा होते. चौकशीला आले होते. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला, "मुलगा सोन्यासारखा हाय. पण नोकरीत जीव न्हाई त्याचा. शेवटी शेतकरीच."

मी म्हादूला सांगितलं. तो दुकानाच्या पायरीवर बसला.

"दिवस उगवायच्या आधी रानात जातो भाऊ, अंधार पडल्यावर येतो. मग मी काय करायलोय म्हणायचं? तुमीच सांगा."

हा सवाल त्याला सगळ्यात आधी मीच टाकला होता. धाकट्या बहिणीसाठी त्याचं स्थळ आलं, तेव्हा 'जमीन चांगली, पण नोकरी?' म्हणून मीच परत पाठवलं. सांगायला लाज वाटते. त्यानं तो विषय आजवर एकदाही काढला नाही, आणि माफी मागायचं धाडस मला त्या संध्याकाळीही झालं नाही.

तो उठला. मोटारसायकलला अडकवलेली पिशवी त्यानं माझ्या हातात दिली. आत ओल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या.

"बहीण माहेरी आलीय म्हणं तुमची," खाली बघत तो म्हणाला. "लेकराला उकडून द्या. माझं नाव नका सांगू."