अप्पांच्या पाटीवरचं नाव

अप्पांच्या घरी चहा पिढ्या मोजून मिळायचा.

"बापाचं नाव?" ते आपण सांगायचं. "आज्याचं?" तेही सांगायचं. "पणज्याचं?" इथं बहुतेकजण गप्प. मग अप्पा स्वतःच स्टोव्हपाशी जायचे आणि अर्धा कप चहा आणून ठेवायचे. पणजोबा सांगता आला तरच भरलेला कप. मी क्लासला जीवशास्त्र शिकवायला लातूरला आले, त्यांच्या शेजारची खोली घेतली आणि पहिले दोन महिने अर्ध्या कपावर काढले. शेवटी भोकरला भावाला फोन करून पणजोबांचं नाव विचारून घेतलं. दिवसभर पोरांना आनुवंशिकता शिकवणारी बाई पणजोबा फोनवरून मागवते, हे भावानं मला अजून विसरू दिलेलं नाही.

वैजनाथअप्पा तहसिलीतल्या रेकॉर्डरूममधून रिटायर झालेले. मोडी वाचायचे, निजामाच्या काळातलं उर्दू दफ्तर वाचायचे. जातीच्या दाखल्यासाठी अडलेली माणसं कुठून कुठून त्यांच्याकडं यायची आणि अप्पा त्यांना त्यांचे हरवलेले खापरपणजोबा काढून द्यायचे. बोलण्यात एकच पालुपद: "तोंडी नको. कागद दाखवा." दूधवाला एकदा म्हणाला, म्हैस व्यायलीय, चार दिवस दूध कमी येईल. अप्पा त्यालाही तेच म्हणाले. तो बिचारा दुसऱ्या दिवशी रेडकूच घेऊन दारात उभा राहिला.

याच सवयीपायी ते लोकांच्या शिव्याही खायचे. गल्लीत कुणी गेलं की बाकीचे खांदा द्यायला पुढं होत, आणि अप्पा रडणाऱ्या माणसाच्या कानाशी लागून विचारत, "नोंद केली का? आजच करा. उद्यावर टाकू नका." माझ्या घरमालकांनी तर आईच्या मयतीला त्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं. मलाही तेव्हा अप्पांचाच राग आला होता.

आमची गल्ली म्हणजे क्लासच्या पाट्यांचं जंगल. गुणवंतांचे फोटो दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलेले. त्यातच अप्पांच्या दारावर हातानं रंगवलेली पत्र्याची पाटी होती: 'वंशावळ व जुने दफ्तर वाचन वर्ग. फी नाही. परीक्षा पास होणाऱ्यास सुनंदा शिष्यवृत्ती.' शिष्यवृत्ती हा शब्द वाचून पालक आत शिरायचेच. लोह्याहून आलेल्या एका बापानं विचारलं, "यानं मेडिकलला नंबर लागतो का हो?"

"तुमच्या पोराचा न्हाई लागत," अप्पा म्हणाले. "तुमच्या आज्याचा पत्ता लागतो."

तो माणूस अर्धा कप पिऊन निघून गेला.

पाटी वाचून मी एकदा म्हटलं, "अप्पा, सुनंदाच्या आधी 'कै.' लिहायचं राहिलंय." त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "कागद न्हाई त्याचा," एवढंच म्हणाले.

पुढं रविवारी क्लास नसतो म्हणून मीच त्यांच्या वर्गाला बसले. चौघं होतो, दिवाळीपर्यंत मी एकटी उरले. मोडी जेमतेम यायला लागली, खासरा पाहणी म्हणजे निजाम गेल्यावरची शेतांची नोंद, हे कळलं. मग एक दिवस अप्पांनी परीक्षेचा कागद पुढं ठेवला. प्रश्न एकच. औशाकडच्या एका गावाचं नाव आणि खाली: 'सुनंदा ही त्र्याण्णवच्या भूकंपाआधी या गावी राहत होती, याचा एक सरकारी कागद आणा.'

"कोण सुनंदा?"

"माझी पोरगी." अप्पांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "लग्न होऊन दोन वर्षं झालती. सासरचं अख्खं घर गेलं, सांगायला कुणी उरलं न्हाई. आन मेलेल्यांची यादी लिवायची ड्यूटी माझीच लागली. रेशन कार्ड बघून लिवायचं. लोकं रडत होते, आन मी कागद मागत होतो."

"मग तिचं नाव?"

"तिच्या सासरच्या कार्डावर नव्हतंच. माझ्या कार्डावरून कापल्याशिवाय तिकडं कसं चढंल? तिची आई आधीच गेलेली. पोरीचं नाव कापलं की कार्डावर मी एकलाच. म्हटलं, दिवाळी होऊ द्या, मग कापू." त्यांनी परीक्षेचा कागद सरळ केला. "साहेब म्हणले, अप्पा, तुमी सांगा, मी लिवून घेतो. सगळ्या गावाला कागद मागितला, बाई. माझ्या पोरीचं तोंडी कसं सांगू?"

म्हणजे दफ्तरात सुनंदा मेलीच नव्हती. अप्पांच्या कार्डावर बापलेक दोघं राहत होते. मतदारयादी, सात-बारा, सगळं त्यांनी पालथं घातलं होतं. मयतीतले ते प्रश्न मला आठवले आणि मला माझीच लाज वाटली.

"शिवणकाम येत होतं का तिला?" माझे भोकरचे दिवस आठवून मी विचारलं.

अप्पांनी ट्रंकेतून एक सदरा काढला. खिसा चुकून उजव्या बाजूला लागलेला. "पोळ्याला पाठवला होता. कुठं शिकली, इचारलंच न्हाई मी."

लग्नाआधी भोकरला मी सरकारी शिवणवर्गाला जायचे. मशीन चार, बाया वीस, पण मस्टरवर रोज सही केल्याशिवाय बाई कापडाला हात लावू देत नसत. अप्पांनी घराचे कागद धुंडाळले होते, आणि घराच्या कागदावर सून आधी चढावी लागते. शिवणवर्गाला कुणी कार्ड विचारत नाही.

पंचायत समितीच्या अडगळीत चार रविवार धूळ खाल्ली. एका भल्या शिपायानं कुलूप उघडून दिलं म्हणून. पाचव्या रविवारी भूकंपाआधीचं मस्टर सापडलं. त्या गावाचा वर्ग, अकरावं नाव सुनंदाचं, पुढं सही.

मी मस्टरची शिक्का मारलेली नक्कल आणून दिली. अप्पांनी आधी शिक्का तपासला. मग सहीवरून बोट फिरवलं. "उकार असाच लांब ओढायची. एकदा मारलं होतं मी तिला त्याच्यापायी."

तो कागद अर्जाला जोडला. काही महिन्यांनी तिच्या मृत्यूची नोंद झाली आणि अप्पांच्या कार्डावर एकच नाव राहिलं. त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. हातात रंगाची डबी होती.

"स्टूल धरा, बाई."

वर चढून त्यांनी पाटीवरची धूळ पुसली. "उद्या लिवू का?" त्यांनी विचारलं.

मी स्टूल तेवढं घट्ट धरलं. मग त्यांनी ब्रश बुडवला आणि सुनंदाच्या आधी 'कै.' लिहिलं. अक्षर चांगलंच तिरकं आलं.

"सरळ आलं का? मला दिसंना झालंय," ते वरूनच म्हणाले.

"सरळ आलंय, अप्पा."

"बरं," ते म्हणाले आणि खाली उतरले. त्यांनी कुणाचं तोंडी मान्य केलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.