पूजेला बसलेला गोलकीपर

नागनाथ बिराजदार त्या संध्याकाळी गप्प बसला असता, तर पुढचं काहीएक झालं नसतं. पण सत्तेचाळीस वर्षांत जो माणूस योग्य वेळी कधी गप्प बसला नाही, तो नेमका घटस्थापनेलाच कसा बसेल?

झालं होतं एवढंच. विजयमाला हॉल झाडत होती आणि झाडता झाडता म्हणाली, "अहो, ते तुमचं खेळणं जरा उचला की."

शहाण्या नवऱ्यानं खेळणं उचललं असतं, पाय वर घेतले असते आणि विषय संपला असता. नागनाथनं मात्र ठरवलं, की आज हिचा गैरसमज कायमचा दूर करून टाकायचा.

"खेळणं? खेळणं ते तुमचं!" तो म्हणाला. "हे मशीन आहे. सुताराला जसा रंधा, तसं मला हे. अवजार आहे हे माझं, अवजार!"

(हा गृहस्थ एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. त्याचं खरं अवजार म्हणजे रबरी शिक्का. पण ते असो.)

स्वयंपाकघरात त्याची आई गौरम्मा मेथी निवडत होती. चार हाका मारल्या तरी तिला ऐकू येत नाही. हे तेवढं ऐकू आलं.

आता 'तुमचं' आणि 'माझं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये व्हिडिओ गेमची यंत्रं दोन होती आणि टीव्ही एक. एक यंत्र नागनाथचं. काळंभोर, चकचकीत, मोठ्या नावाच्या कंपनीचं. त्याला तो मऊ फडक्यानं पुसायचा. (स्कूटर त्यानं शेवटची कधी पुसली, हे स्कूटरलाही आठवत नाही.) दुसरं विजयमालाचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, आकाशपाळण्याच्या शेजारच्या स्टॉलवरून तिनं आणलेला लाल डबा. डब्यावर लिहिलेलं 'चारशे खेळ'. त्यातले तीनशे नव्वद खेळ एकच होते, नुसता आतल्या माणसाच्या टोपीचा रंग बदलायचा.

दुपारची भांडी झाली की शेजारच्या चिमाबाई यायच्या. मग त्या, विजयमाला आणि गौरम्मा अशा तिघी मिळून त्या डब्यावर तुटून पडायच्या. शेंगाचटणीची बोटं बटणांना लागायची, माणूस खड्ड्यात पडला की तिघींच्या किंकाळ्या पार जिन्यापर्यंत ऐकू यायच्या. नागनाथ ऑफिसातून यायचा आणि दारातच त्याच्या कपाळाची शीर उडायला लागायची.

"अगं, काय बघता काय तुम्ही हे? सेकंदाला किती फ्रेम येतात त्यात, माहितीये का? माझ्या मशीनमध्ये एकशेवीस येतात, एकशेवीस!"

"आणि आमच्यात?"

"तीससुद्धा नाहीत!"

"तरी आम्ही हसतो की," विजयमाला म्हणायची. "तुम्हाला त्या एकशेवीसमध्ये एकदा तरी हसताना बघितलंय का मी?"

नागनाथ खरंच हसत नसे. हार्डकोर खेळाडू हसत नसतो, असं त्याचं ठाम मत होतं. हसतात ते टाइमपासवाले.

आणि त्याला हसू येण्यासारखं काही नव्हतंही. त्याच्या ऑफिसातला ज्युनिअर क्लार्क रत्नदीप हा 'सोलापूर स्ट्रायकर्स' नावाच्या ऑनलाइन फुटबॉल टीमचा कॅप्टन होता. अकरा जण आपापल्या घरी बसून खेळायचे, प्रत्येकाकडे मैदानावरचा एक खेळाडू. नागनाथ त्या टीममध्ये होता, पण राखीव. गेले दहा महिने त्याचं काम एकच. मॅच सुरू व्हायच्या आधी हेडफोनवरून सगळ्यांना 'ऑल द बेस्ट' म्हणायचं आणि बाहेर पडायचं. शाळेतही कबड्डीच्या वेळी तो असाच दहा पोरांचे शर्ट आणि घड्याळं धरून मैदानाच्या कडेला उभा असायचा. पहिल्या टीममध्ये एकदा तरी आपलं नाव लागावं, एवढीच त्या माणसाची आयुष्याकडून मागणी होती. हसण्यावारी नेऊ नका, फार दुखायचं त्याला ते.

आणि यंदा नाव लागलं! फायनल नातेपुत्याच्या टीमशी. तारीख खंडेनवमीची, दुपारी चार वाजता. नेहमीचा गोलकीपर दसऱ्याला बार्शीला गावी निघाला, आणि रत्नदीप ऑफिसात नागनाथच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, तुम्ही याल का गोलात?" नागनाथनं त्या भरात एका विद्यार्थ्याच्या बोनाफाइडवर तीन शिक्के मारले.

खंडेनवमीला तो दुपारी दाढी करायला सलूनमध्ये गेला. (मॅचमध्ये कुणाचं तोंड दिसत नाही. पण फायनल ती फायनल.) साडेतीनला परत आला, चप्पल काढली, हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तिथंच थिजला.

भिंतीशी सतरंजी अंथरली होती. तिच्यावर विळी, अडकित्ता, खलबत्ता, विजयमालाचं शिलाई मशीन अशी घरातली सगळी अवजारं धुऊनपुसून मांडलेली. आणि मधोमध, खास पाटावर, झेंडूचा जाडजूड हार घालून त्याचं काळं यंत्र! वर हळदीची पाच बोटं. त्यावर कुंकू. त्यावर अक्षता. हेडफोनला कुंकू. खेळायच्या कंट्रोलरच्या दोन्ही दांड्यांना कुंकू. पुढ्यात फोडलेला नारळ.

"आई! हे काय केलंस?"

"पूजा केली," गौरम्मा म्हणाली. ती अक्कलकोटकडची. चिडली नसली तरी चिडल्यासारखी बोलते. "अवजार हाय म्हनलास न्हवं का? मग खंडेनवमीला अवजार पूजायचं न्हाय तर काय करायचं?"

"अगं, चार वाजता माझी फायनल आहे!"

"पूजलेल्या अवजाराला आज हात लावत न्हाईत. उद्या दसऱ्याला उचल."

"उद्या कसं? मॅच आज आहे!"

"येनप्पा," तिच्या तोंडी कानडी आलं, "तुझ्या बापानं बत्तीस वर्षं गिरणीत माग पूजला. खंडेनवमीला मागाच्या धोट्याला बोट लावलं न्हाय कधी. मुकादम आला, मॅनेजर आला, न्हाय म्हंजे न्हाय. तू कोन लागून गेलास?"

गिरणी बंद पडून जमाना झाला, पण नियम चालू होता. नागनाथनं टीव्हीकडं बघितलं. तिथं चिमाबाई लाल डब्यावर खुशाल टोपीवाला माणूस पळवत होत्या.

"आणि हे? हे चालतं?"

"ते खेळनं हाय," गौरम्मा म्हणाली. "तूच सांगितलास की."

विजयमाला पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात फोन वाजला. रत्नदीप. "सर, कुठं आहात? ऑनलाइन या की! दहा जण आलेत, तुम्ही एकटेच राहिलाय!"

'तुम्ही एकटेच राहिलाय.' हे वाक्य नागनाथनं जन्मभर दुसऱ्याच अर्थानं ऐकलं होतं. आज दहा जण त्याच्यासाठी खोळंबले होते! एका बाजूला इज्जत, दुसऱ्या बाजूला फायनल. त्यानं इज्जत सोडली.

"आई," तो पुटपुटला, "ते खेळणंच आहे."

"काय?"

"खेळणं आहे ते. मी उगाच बोललो."

"मोठ्यानं म्हन. देवाला ऐकू जाऊ दे."

"खेळणं आहे!" नागनाथ ओरडला. "अवजार नाही! साधं खेळणं आहे, आणि मी टाइमपास करतो त्याच्यावर!"

"सर," कानाशी धरलेल्या फोनमधून आवाज आला, "काय म्हणालात?"

"काही नाही रे. नेटवर्क."

गौरम्मानं देवाची क्षमा मागून हार उतरवला. नागनाथनं पाटावरून यंत्र उचललं, वायरी जोडल्या, गडबडीत चिमाबाईंना न विचारताच टीव्ही आपल्या मशीनवर घेतला आणि चालू करून स्क्रीनवर नाव नीट दिसतंय का बघायला पुढं वाकला. आतला पंखा फिरला. एकशेवीस फ्रेमच्या त्या मशीनचा पंखाही तसाच दणकट. पाच बोटं हळद, मूठभर कुंकू आणि होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता फुर्रकन बाहेर आल्या आणि थेट त्याच्या ताज्या गुळगुळीत दाढीवर बसल्या.

"आता दिसतंय नवरदेवासारखं," चिमाबाई म्हणाल्या.

नागनाथनं डोळे चोळले. मैदान दिसलं. गोलात उभा असलेला खेळाडू दिसला, त्याच्या डोक्यावर 'नागनाथ बी.' हे नाव दिसलं. शिट्टी वाजली. आणि मैदान गेलं. तिथं टोपीवाला माणूस आला.

टीव्हीचा रिमोट विजयमालाच्या हातात होता.

"अगं, हे काय!"

"खेळणं आहे ना? मग खेळण्याला पाळी असते. चिमाबाईंची पाळी चालू होती, तुम्ही मधेच घुसलात. त्यांचे तीन जीव संपले की तुमचं."

"आई, बघ ना!"

"बराबर हाय तिचं," गौरम्मानं निकाल दिला.

नागनाथनं हिशेब केला. चिमाबाईंचे तीन जीव एरवी दोन मिनिटांत जातात. करकंबच्या शेतात सापाला न घाबरणारी ही बाई पडद्यावरच्या कासवाला बघून डोळे मिटते. पण त्या दिवशी काय अंगात संचारलं होतं कोण जाणे! खड्डा आला, उडी. कासव आलं, उडी. पूल तुटला, तरी उडी.

"चिमाबाई," नागनाथ कळवळून म्हणाला, "मरा की हो लवकर!"

गौरम्मानं कानांवर हात ठेवले.

"सणाच्या दिवशी काय बोलताय!" विजयमाला कडाडली. "माफी मागा आधी!"

"ऱ्हाऊ द्या बाई," चिमाबाई नजर न हलवता म्हणाल्या. "आमी काय लगीच मरतोय व्हय? लई रंगात आलाय डाव."

तिकडं यंत्र चालूच होतं, मॅच चालूच होती, नागनाथच्या कानाला हेडफोनही होता. फक्त दिसत काही नव्हतं. या खेळात एक सोय असते. एखाद्यानं बटणं दाबली नाहीत, तर त्याचा खेळाडू कॉम्प्युटर स्वतःच चालवतो. तेव्हा आंधळेपणानं काही दाबण्यात अर्थ नव्हता. नागनाथ हात जोडून नुसता ऐकत बसला. आणि ऐकता ऐकता त्याचे डोळे विस्फारले.

"आयला, काय अडवला सर!" रत्नदीप ओरडत होता. "उजवीकडं उडी मारून! कसं कळलं हो तुम्हाला?"

"अं? हां. अंदाज असतो," नागनाथ म्हणाला.

"परत अडवला! टाक बे पुढं! म्हणजे, टाका सर पुढं!"

चेंडू बहुधा पुढं गेला असावा, कारण मिनिटभरात दहाही जण एकदम किंचाळले. गोल! सोलापूर एक, नातेपुते शून्य.

"सर, दहा महिने तुम्हाला बाहेर बसवलं, चुकलंच आमचं," रत्नदीप म्हणाला.

हे आपण केलेलं नाही हे नागनाथला पक्कं माहीत होतं, तरी त्यानं "असू दे रे" म्हटलं. दहा महिन्यांचा उपाशी माणूस, पुढ्यात ताट आल्यावर कुणाचं आहे म्हणून विचारतो का?

हाफटाइमला चिमाबाईंचा तिसरा जीव कासवावर आदळून गेला, आणि रिमोट नागनाथला मिळाला.

दुसऱ्या हाफचं वर्णन न केलेलं बरं. थोडक्यात सांगायचं, तर नातेपुत्यानं चार गोल केले. म्हणजे तीन त्यांनी केले. एक नागनाथनं स्वतः, चेंडू नीट हातात धरून, चालत आत नेला. एकशेवीस फ्रेममध्ये तो फार स्पष्ट दिसला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मागं उभ्या असलेल्या विजयमालालाही हसवलं नाही.

"सर," रत्नदीप म्हणाला, "दमलात का हो? पहिल्या हाफला केवढे खेळलात!"

दमलो, म्हणून सुटता आलं असतं. पण पाठीमागून तिघींची नजर टोचत होती, आणि खरं सांगायचं तर ती फुकटची वाहवा आता त्यालाच पचत नव्हती.

"पहिल्या हाफला मी नव्हतो रे," तो म्हणाला. "घरी टीव्ही मिळाला नाही. तो कॉम्प्युटर खेळला."

हेडफोनवर दहा माणसं एकदम विचार करताना कशी ऐकू येतात, ते नागनाथला त्या दिवशी कळलं.

"सर, वाईट वाटून घेऊ नका," रत्नदीप शेवटी म्हणाला. बिचारा फार जपून बोलत होता, सण संपला की पुन्हा एकाच ऑफिसात बसायचं होतं. "पुढच्या सीझनला पहिल्या टीममध्ये तुमची जागा पक्की. फक्त एक करा. मॅचच्या वेळी मशीन चालू करायचं, आणि तुम्ही तेवढं बाहेर जाऊन यायचं."

नागनाथचं नाव तेव्हापासून कायम पहिल्या टीममध्ये आहे. गेल्या रविवारी सोलापूर स्ट्रायकर्स पाच-शून्यनं जिंकले आणि 'नागनाथ बी.' सामनावीर ठरले. तसा मेसेज फोनवर आला, तेव्हा तो पिठाच्या गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होता, आणि पुढं अजून चार डबे होते.