प्रेमराज नानांचा केळीचा कोळसा

"पंधरा दिवसांत बोअरचं पाणी गोड करून दाखवतो!" एरंडोलजवळच्या आपल्या गावच्या ग्रामसभेत प्रेमराज नाना गरजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना म्हणजे हायस्कूलचे निवृत्त प्रयोगशाळा सहायक. त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार!

बोअरमध्ये फ्लोराइड निघालं होतं. पोरांचे दात पिवळे, थोरांचे सांधे आखडलेले. नानांच्या पत्नी लताबाई जमिनीवर बसल्या की त्यांना उठवायला दोघं लागत. पिण्याच्या पाण्याच्या जारची गाडी तीन दिवसांतून एकदा यायची, तीही आली तर! केळीच्या खांबाचा कोळसा फ्लोराइड चिकटवून धरतो, असं नानांनी मोबाइलवर वाचलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तुरुतुरु चालणाऱ्या लताबाईच दिसू लागल्या.

शेजारच्या नवलच्या मळ्यातून ट्रॉलीभर खांब आले. ते वाळवून, ड्रममध्ये कोंबून नानांनी पेटवले. धूर असा उठला, की गल्लीत म्हैस आणि माणूस यात फरक कळेना!

"नाना, घर पेटनं का?" समोरची झुंबरबाई ओरडली आणि उत्तराची वाट न बघता तिने अग्निशमनला फोन लावला. बंब आला. नाना ड्रमपुढे आडवे होऊन "अहो, प्रयोग आहे!" म्हणत होते, तोवर कोळशासकट तेही ओलेचिंब!

नाना खचले नाहीत. कोळसा पुन्हा वाळवला, कुटला, वाळूबरोबर तोटीच्या पिंपात भरला, वरून बोअरचं पाणी ओतलं. गाव जमलं. तोटी सोडली.

"नाना, हाई पाणी शे का शाई?" नवलने विचारलं.

"पहिलं पाणी असंच येतं!" नाना घाईने म्हणाले. तिसऱ्या दिवशी मात्र पाणी काचेसारखं आलं. नानांनी सगळ्यांसमोर पेला तोंडाला लावला. जीभ साबण चघळल्यासारखी चरचरली. तरी ते हसत राहिले, आणि बाटली तपासणीला पाठवून दिली.

आठवड्याने अहवाल आला. फ्लोराइड जवळपास होतं तेवढंच. वर पाण्यात खार वाढलेला. नानांनी मोबाइल पुन्हा उघडला. कोळसा आधी धुऊन त्यातली राख काढायची, त्यावर प्रक्रिया करायची, हे सगळं पुढच्या पानावर होतं. त्या दिवशी रेंज गेली म्हणून त्यांनी ते पान वाचलंच नव्हतं!

नाना ओसरीवर मटकन बसले. लताबाई भिंत धरत धरत आल्या, बसता येईना म्हणून उभ्याच राहिल्या.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे काय, आता असेच."

नानांना रडू फुटणार, एवढ्यात दारात झुंबरबाई हंडा घेऊन हजर! तिच्यामागे गल्लीतल्या दहा-बारा बाया.

"नाना, परवा तुमनं पाणी घर लई गयतू, त्यामाच उडीदनं पीठ भिजाडं. पापड इतला फुलना, इतला फुलना! पापडखार टाकाच लागना नही!"

नानांनी तोटी सोडली. हंडे भरता भरता त्यांनी चाचरत विचारलं, "आणि प्यायला?"

"पियाले?" झुंबरबाई दचकली. "नही रे बाप्पा! पियाले बोअरनंच बरं शे!"