अभेद्य घरातली मुलाखत

“आता या घरात जगातला एकही ऑनलाइन भामटा शिरू शकत नाही! शिरून तर बघू दे!”

हे वाक्य मोजपट्टीने कमरेवर हात ठेवून उच्चारलं, तेव्हा तिच्यासमोर आई, बाबा आणि आत्या जेवणाच्या टेबलाशी शाळेत बसवल्यासारखे बसले होते. मोजपट्टी हे तिचं घरातलं नाव. पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यापासून ती दिसेल ते मोजायची. बाबांची डुलकी सरासरी किती मिनिटं चालते, आत्या फोनवर ‘बरं, ठेवते’ म्हणाल्यावर प्रत्यक्षात तो किती वेळाने ठेवते, याच्या नोंदी तिच्या वहीत होत्या. (आत्याची सरासरी बावीस मिनिटं. कमाल एक तास पाच.)

गेले दोन रविवार तिने घराच्या शुद्धीकरणाला दिले होते. आणि गरजही तशीच होती! बाबांच्या ब्राउझरमध्ये वरच्या बाजूला नको त्या पट्ट्यांची इतकी दाटी झाली होती, की खरं पान खाली टपालपेटीच्या फटीएवढं उरलं होतं. आई समोर येईल त्या खिडकीत ‘हो’ दाबायची, कारण “एवढं विचारतायत बिचारे, नाही कसं म्हणायचं?” आत्याने ब्राउझर निवडला होता तो चिन्हाचा जांभळा रंग आवडला म्हणून. त्याच्या निर्मात्यांनी तो चार वर्षांपूर्वीच वाऱ्यावर सोडला होता.

मोजपट्टीने सगळं झाडून काढलं. सगळ्यांना एकच ब्राउझर दिला. अधिकृत साइटवरून डाउनलोड केलेला, स्वतःहून अपडेट होणारा, फुकटचं एक्स्टेन्शन एकही नसलेला. शिवाय फ्रिजवर नियम चिकटवले. फोनवर आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, अगदी माझ्या आवाजात कुणी रडत मागितला तरी! आवाजाची नक्कल होते, नंबरचीही होते. ओळख पटवायला घरचा एक खूणशब्द, तो आत्याने दर महिन्याला बदलायचा. आणि संशय आला, की आधी राउटर बंद, मग चर्चा.

आत्याला खूणशब्दाचं काम देण्यामागे विचार होता. एकतीस वर्षं तिने ग्रंथालयात काढली होती आणि कार्डाशिवाय तिने खुद्द ग्रंथपालांनाही पुस्तक दिलं नव्हतं.

एक बारीकशी गोष्ट मात्र मोजपट्टीने कुणाला सांगितली नव्हती. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर गेले सात महिने एक खिडकी उघडत होती, ‘अपडेट उपलब्ध आहे’, आणि मोजपट्टी नेमाने ‘नंतर’ दाबत होती. काय करणार? त्रेसष्ट पानं उघडी होती! त्यातल्या एका लेखाचं शीर्षक होतं, ‘अपडेट ताबडतोब का करावं?’ तो अर्धा वाचून झाला होता.

आता आली ती सकाळ. अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती. विज्ञान केंद्रात सर्वसामान्य लोकांना इंटरनेटवर सुरक्षित कसं राहायचं हे शिकवणारी प्रशिक्षक हवी होती. पदवीनंतर केलेल्या चौदा अर्जांपैकी मुलाखतीपर्यंत पोचलेला हा पहिला, आणि तेरा नकारांनंतर ही नोकरी तिला अगदी मनापासून हवी होती.

बरोबर दहाला तिने ई-मेलमधली लिंक उघडून पाहिली. पडद्यावर अक्षरं आली: ‘आपला ब्राउझर फार जुना आहे. सुरक्षेच्या कारणास्तव आपल्याला प्रवेश देता येत नाही.’

मोजपट्टीचे कान लाल झाले. ब्राउझर अपडेट करायला गेली, तर तो म्हणाला, आधी तुमची संपूर्ण प्रणाली अपडेट करा. तिच्या वहीप्रमाणे अपडेटला सरासरी अठरा मिनिटं लागायची. अठरा म्हणजे सव्वादहा, फार तर साडेदहा. तिने बटण दाबलं. आणि करायचंच आहे तर पुरतं करू, अशा उदात्त विचाराने फोनचंही अपडेट सुरू करून टाकलं.

सव्वादहाला लॅपटॉप म्हणत होता, सत्तावीस टक्के. साडेदहालाही तो सत्तावीसच म्हणत होता, इतक्या शांतपणे की जणू त्याला दुसरा आकडा येतच नव्हता. फोनच्या काळ्या पडद्यावर एक गोल फिरत होता.

तिच्या तेव्हा लक्षात आलं, की तिने ‘सरासरी’ काढली होती ती एका नोंदीवरून.

ती धावत बाहेरच्या खोलीतल्या कंप्यूटरपाशी गेली. मुलाखतीची लिंक तिच्या ई-मेलमध्ये होती. ई-मेल म्हणाला, नवीन यंत्र दिसतंय, तुमच्या फोनवर पाठवलेला कोड टाका. फोनवर तर गोल फिरत होता! दुसरा पर्याय, बाबांचा फोन. तिने तो निवडला आणि आईच्या फोनवरून बाबांना फोन लावला. बाबा दोन गल्ल्या पलीकडे सलूनमध्ये दाढी करून घेत होते.

“बाबा, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडी कोड आलाय. पटकन सांगा!”

पलीकडे वस्तऱ्याची खरखर थांबली.

“कोण बोलतंय?”

“मी! तुमची मुलगी!”

“हं. असंच म्हणतात.”

“बाबा, आईच्या नंबरवरून बोलतेय ना!”

“नंबरची नक्कल होते.”

“माझा आवाज ओळखत नाही का?”

“आवाजाची तर फारच सुरेख होते,” बाबा कौतुकाने म्हणाले. “काय तंत्रज्ञान आहे! अगदी तिच्यासारखं चिडणंसुद्धा जमलंय.”

“बाबा, मुलाखत आहे हो माझी!” मोजपट्टीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

“रडतेय का?” मागून सलूनवाल्याचा आवाज आला; फोन स्पीकरवर होता. “मग नक्कीच भामटी! देऊ नका साहेब, माझ्या मेव्हण्याला असाच फोन आला होता.”

“खूणशब्द सांग,” बाबा म्हणाले.

खूणशब्द! आत्याने तो परवाच बदलला होता आणि जेवताना सगळ्यांना सांगितला होता. मोजपट्टी तेव्हा मनातल्या मनात मुलाखतीची उत्तरं घोकत होती.

“बाबा, तो मला... आठवत नाहीये.”

“बघा!” सलूनवाला विजयाने म्हणाला. फोन बंद झाला. मोजपट्टीने पुन्हा लावला, पण लागेना. तिनेच शिकवल्याबरहुकूम बाबांनी नंबरची तक्रार नोंदवून तो अडवून टाकला होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर आईचा नंबर बाबांच्या फोनमध्ये काळ्या यादीत गेला होता.

“काय केलं म्हणालीस त्यांनी?” आईने हातातलं लाटणं ओट्यावर ठेवलं. “येऊ दे घरी.”

इतक्यात आत्याचा फोन वाजला. “हं, बोल. काय? वहिनीच्या फोनवरून? आपल्या पोरीचा आवाज काढून? थांब, बघतेच!” आत्या ताडकन उठली, कपाटाकडे गेली आणि राउटरची वायर तिने भिंतीतून अशी उपसली, जणू मुळासकट गवत उपटावं!

“आत्या! अगं नेट का बंद केलंस?”

“संशय आला की आधी राउटर, मग चर्चा,” आत्या वायर हातात गुंडाळत म्हणाली. “फ्रिजवर लिहिलंय.”

“अगं, तो फोन मीच केला होता! मला खूणशब्द तरी सांग!”

“तो मी कसा सांगू? तो तू मला सांगायचा.”

“मी तुझ्यासमोर उभी आहे, आत्या!”

“ते दिसतंय मला. पण समोर उभं राहणाऱ्याला सूट असं नियमात कुठे आहे?”

“वन्सं, पोरीची नोकरी जाईल हो!” आई कळवळून म्हणाली.

आत्या विरघळली, पण आतून. बाहेरून तिने वायर आणखी घट्ट धरली. दहा बावन्न झाले होते. मोजपट्टीने आईचा फोन उचलला, पायात येईल ती चप्पल सरकवली आणि पळत सुटली. चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या, त्यातली एक बाबांची.

सलूनमध्ये ती शिरली तेव्हा बाबांचा अर्धा गाल गुळगुळीत होता आणि अर्ध्यावर फेस. तिला आरशात पाहताच त्यांचा चेहरा उजळला. “बरं झालं आलीस! अगं, तुझ्या नावाने एका बाईने काय कारस्थान केलं...”

“बाबा! कोड!”

कोड मिळाला. तिने आईच्या फोनवर आपला ई-मेल उघडून तो टाकला. ‘कोडची मुदत संपली आहे.’ नवा मागितला. ‘फार वेळा प्रयत्न झाला. एका तासाने या.’

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. मोजपट्टी रिकाम्या खुर्चीत बसली. बाबांना हळूहळू सगळं उमगत गेलं आणि गालावरचा फेस छातीवर ओघळला तरी त्यांना कळलं नाही.

“म्हणजे ती तूच होतीस?”

“हो.”

“मी किती छान पाळले ना नियम?” बाबा केविलवाणं म्हणाले. तिने टॉवेलने त्यांची छाती पुसली.

तोच बाबांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. कानाला फेस, म्हणून बाबांनी फोन पुन्हा स्पीकरवर टाकून आरशापुढे ठेवला.

“नमस्कार, विज्ञान केंद्रातून बोलतेय. अर्जात दुसरा संपर्क म्हणून हा नंबर आहे. आपली मुलगी...”

“खूणशब्द?” बाबा आणि सलूनवाला एकदमच म्हणाले.

“बाबा!!” मोजपट्टी आरशाकडे झेपावली. “मॅडम, मीच बोलतेय! माफ करा, मी...”

“आहात का? छान! मग आपण फोनवरच बोलूया का? एकच प्रश्न विचारते. सामान्य माणसाला विज्ञान न सांगता पटवून द्या, की अपडेट का करायचं. माझं तर चाललंय ना, असं तो म्हणतो.”

घोकलेली सगळी उत्तरं मोजपट्टीच्या डोक्यातून पार पुसली गेली होती. तिने समोर पाहिलं. सलूनवाला वस्तऱ्यात नवं पातं बसवत होता.

“काका, जुन्या पात्याने दाढी होत नाही का?”

“होते की.”

“मग प्रत्येकाला नवं का?”

“म्हणजे काय! आधीच्या माणसाचं काय काय त्याला लागलेलं असेल, ते दिसतं का डोळ्यांना?”

“तसंच आहे,” मोजपट्टी फोनकडे वळून म्हणाली. “जुनं सॉफ्टवेअर चालतं. पण त्यातली भोकं तुम्हाला दिसत नसली तरी भामट्यांना पाठ असतात. अपडेट म्हणजे नवं पातं.”

“अरे बाप रे,” सलूनवाला म्हणाला आणि त्याने वस्तरा ठेवून खिशातून स्वतःचा फोन काढला. “सहा महिने झाले, हे लाल टिंब दिसतंय मला!”

पलीकडे मॅडम खूष होऊन हसल्या. मोजपट्टीला मात्र राहवेना. खोट्यावर नोकरी नको.

“मॅडम, एक सांगायचंय. अकरा वाजता मी तिथे नव्हतेच. मी सात महिने अपडेट केलं नव्हतं. आजच सुरू केलं आणि ते अडकलं.”

नीट ऐकू यावं म्हणून सलूनवाल्याने वरचा करकरणारा पंखा बंद केला.

“म्हणजे तुम्ही आलाच नव्हतात?”

“नाही.”

“अहो,” मॅडमचा आवाज एकदम खाली आला, “आम्हीही नव्हतो. पावणेअकराला आमचा कंप्यूटर स्वतःहूनच अपडेटला बसला. दोन वर्षांचं साठलेलं होतं हो! आम्ही तिघं अजून त्याच्याकडे बघत बसलोय. तुम्ही तिथे ताटकळत असाल म्हणून माफी मागायला फोन केला.”



“सोमवारपासून या,” मॅडम पुढे म्हणाल्या. “सुरुवात आमच्यापासूनच करा, अकरा कंप्यूटर आहेत. पण एक विनंती. सुरक्षितता शिकवणारं केंद्र आहे आमचं, बरं दिसत नाही. हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या.”

मोजपट्टीने आरशात पाहिलं. मागच्या बाकावर रांगेत बसलेली चार गिऱ्हाईकं वर्तमानपत्रं मांडीवर ठेवून, माना पुढे काढून ऐकत होती. ती ‘हो’ म्हणायच्या आत सलूनवाल्याने छातीवर हात ठेवला आणि फोनकडे वाकून खणखणीत आवाजात म्हणाला,

“एक शब्द बाहेर जाणार नाही, मॅडम!”