आठलेकाकांचे तीन कॉम्प्युटर

आमच्या शेजारचे आठलेकाका जानव्यात पेन ड्राइव्ह अडकवतात. पूर्वी तिथे कपाटाची किल्ली असायची.

रेल्वेतून रिटायर झालेल्या या माणसाकडे तीन कॉम्प्युटर आहेत. नगरा मोहल्ल्यातल्या घरी एक बैठकीत, दुसरा आतल्या खोलीत आणि तिसरा बरुआसागरला धाकट्या भावाकडे. तिन्ही अगदी सारखे हवेत. नुसत्या फायली नव्हे, स्क्रीनवरचं चित्र, अक्षरांचा आकार, बाणाचा रंगसुद्धा. इथे एक फोटो वाढला की काका निघाले बसने बरुआसागरला. परत आले की दारातूनच सांगणार, "मिलान हो गया," म्हणजे सगळं ताडून जुळवून झालं.

"काका, एवढं काम तरी काय करता त्यांच्यावर?" मी एकदा विचारलं.

"काही नाही."

"मग तीन कशाला?"

"मिलान चुकता कामा नये, भैया."

मी बिजौलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच सांभाळतो, त्यामुळे मला राहवेना. एका रविवारी घरातले दोन्ही कॉम्प्युटर इंटरनेटवरून जोडून दिले. एकात फाइल ठेवली की दुसऱ्यात आपोआप. काका संशयाने बघत होते. या खटपटीत बैठकीतल्या स्क्रीनवरचे सगळे फोल्डर नावांप्रमाणे ओळीत लागले. मला ते उलट नीटनेटकंच वाटलं.

इतक्यात काकू आतून आल्या आणि सवयीने कॉम्प्युटरसमोर बसल्या. माउस घेऊन स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गेल्या. तिथे भलतंच काही होतं. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली.

"हे आमचं घर नाही," म्हणाल्या आणि उठून चपला शोधू लागल्या.

काका मला रागावले नाहीत. त्यांनी वाकून फोटोंचा फोल्डर ओढत कोपऱ्यात आणून ठेवला.

"तिला नावं आठवत नाहीत. हल्ली माणसंही," ते हळू आवाजात म्हणाले. "जागा तेवढ्या आठवतात. इथे, आत किंवा भावाकडे, कुठेही बसली तरी फोटो त्याच जागी सापडले की शांत होते."

त्यांनी काकूंना परत खुर्चीत बसवलं. काकूंनी एक फोटो उघडला. प्लॅटफॉर्मवर युनिफॉर्ममध्ये उभा असलेला तरुण, मिसरूड नुकतंच फुटलेलं.

"आमचे हे," त्या मला म्हणाल्या. "ड्यूटीवर गेलेत. येतीलच आता." मग काकांकडे वळल्या. "तुम्ही थांबताय ना, भाईसाहेब?"

काकांनी स्टूल ओढलं आणि जरा अंतर ठेवून बसले.

"हाँ जी," ते म्हणाले. "थांबतो. गाडी जरा लेट आहे."