दारातून न निघालेलं विमान

हार्लन टॉरगर्सनने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की विमानाच्या बाबतीत तो कुणाचाही सल्ला घेणार नाही. तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाशी झुंजलेल्या माणसाला दोन माणसांचं विमान जोडायचं म्हणजे काय मोठंसं? सगळे सुटे भाग खोक्यांतून घरी येतात, सोबत जाडजूड माहितीपुस्तक येतं. डोकं फक्त तीनच ठिकाणी चालवायचं. पंख कोणते, टायर कोणते आणि प्रोपेलर कोणता.

"मोजे निवडण्यासारखं आहे," तो म्हणाला.

"तुझे मोजे मी निवडते," त्याची बायको मार्फा म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी सामन मासा वाढला.

विमानाला कारण होतं. मार्फाची आई अगाफ्या खाडीपलीकडे सेल्डोव्हिया गावी राहायची. तिथे रस्ता जात नाही. बोट जाते, पण मार्फाला बोट धक्क्याला बांधलेली असतानाच मळमळायला लागतं. त्यांच्या होमर गावाहून रोजचं छोटं विमान जायचं, पण हार्लन तिला त्यात बसू देईना. स्वतःच्या नवऱ्याचं विमान तयार होत असताना परक्याच्या विमानात बसायचं म्हणजे त्याला अपमान वाटे. मे महिन्यात अगाफ्याला नव्वदावं लागणार होतं. त्या दिवशी तुला मीच घेऊन जाणार, असा शब्द त्याने दिला होता. मार्फाने दोन वर्षं आईला नुसत्या फोनवरच पाहिलं होतं.

सुटे भाग पाठवणाऱ्या कंपनीतल्या माणसाने फोनवर साधा प्रश्न विचारला, "उतरणार कुठे, साहेब?"

"सेल्डोव्हियाला," मार्फा स्वयंपाकघरातून म्हणाली. तिथे चांगली सपाट धावपट्टी आहे.

हार्लनने फोनवर हात ठेवला. "तिथे कुणीही उतरेल गं." मग तो त्या माणसाशी नदीपात्रातल्या दगडगोट्यांवर उतरण्याबद्दल बोलू लागला.

सल्ला घ्यायचा नाही असं ठरलेलं असल्याने त्याने तो घेतला नाही. फक्त विमानतळाच्या कॉफीच्या टेबलाशी रोज सकाळी गप्प बसून ऐकला. तिथे लॉइड बसायचा. लॉइड त्याचा फेरीबोटीपासूनचा दोस्त. त्याने स्वतः कधी विमान बांधलं नव्हतं, त्यामुळे त्याची मतं पक्की होती.

"लांब पंख घे लेका," लॉइड म्हणाला. "बटाट्याच्या वाफ्यातसुद्धा उतरशील."

हार्लनने सगळ्यांत लांब पंख मागवले.

"टायर मोठे हवेत. बघून अस्वलाला लाज वाटली पाहिजे."

टायर आले ते दोन माणसांनी ढकलत आणावे लागले. मार्फाने ते बघितले आणि विचारलं, "यावर विमान बसवायचं, की विमानावर हे?" एवढ्या मोठ्या टायरांवर विमानाचं नाक आपोआप उंच जाणार होतं, म्हणजे खाली भरपूर जागा. मग प्रोपेलर तरी तोकडा कशाला? हार्लनने लांब पात्यांचा घेतला, आणि दोनऐवजी तीन पात्यांचा, कारण तो जास्त शोभून दिसत होता.

दोन हिवाळे गॅरेजमध्ये काम चाललं आणि चांगलं झालं. हार्लनचा हात साफ होता, प्रत्येक बोल्ट त्याने दोनदा तपासला. अडचण झाली ती पंखांची. ते मागे दुमडता येत, पण दुमडल्यावर शेपटीच्याही मागे जात. विमानाचं नाक गॅरेजच्या मोठ्या दाराकडे आणि शेपूट घराकडे. त्यामुळे एका पंखाचं टोक आतल्या दारातून थेट कपडे धुण्याच्या खोलीत शिरलं. मार्फा पहिले काही दिवस वाकून त्याच्याखालून ये-जा करत राहिली. नंतर तिने त्याच्यावर चादरी वाळत घालायला सुरुवात केली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी विमान बाहेर काढायचं ठरलं. लॉइड दोन शेजाऱ्यांना घेऊन आला. गॅरेजचं दार वर गेलं, उन्हात विमान चमकलं. मग त्यांनी ढकललं आणि विमानाचा माथा चौकटीच्या वरच्या कडेला टेकला.

"मोजलं होतंस ना?" लॉइडने विचारलं.

"मोजलं होतं," हार्लन म्हणाला. "टायर यायच्या आधी."

टायरांतली हवा सोडली. विमान सुस्कारा टाकून खाली बसलं, पण तरीही चार बोटं कमी पडत होती. तेव्हा लॉइडला युक्ती सुचली. शेपूट उचलायची, म्हणजे नाक आणि माथा आपोआप खाली येतील. युक्ती चुकीची नव्हती. हार्लनने ती जरा बेतानेच करायची असं बजावलं, आणि स्वतः पुढे उभा राहून चौकटीवर नजर ठेवली. लॉइड आणि शेजारी मागे गेले.

याच वेळी कपडे धुण्याच्या खोलीत मार्फाच्या लक्षात आलं, की पंखावरची चादर अजून काढलेली नाही आणि तिचं टोक दाराच्या बिजागरीत अडकलं आहे.

"थांबा रे, चादर उचलू द्या," ती आतून ओरडली.

लॉइडचा एक कान फेरीबोटीच्या इंजिनाने केव्हाच नेला होता. दुसऱ्याला 'उचलू द्या' एवढंच ऐकू आलं. तो म्हणाला, "वहिनी उचला म्हणतायत," आणि तिघांनी मिळून मनापासून उचललं.

दोन पात्यांचा प्रोपेलर आडवा करून ठेवता येतो. तीन पात्यांच्या प्रोपेलरचं एक तरी पातं खाली असतंच. टायर बसलेले, शेपूट वर, नाक खाली. पातं काँक्रीटवर टेकलं आणि विमानाचं सगळं वजन त्याच्यावर आलं. आवाज फार मोठा झाला नाही. गाजर मोडावं तसा झाला.

लॉइडने शेपूट हळूच खाली ठेवली. मार्फा हातात चादर घेऊन बाहेर आली, पात्याचा तुकडा बघितला आणि नवऱ्याकडे बघितलं. तो काँक्रीटवर बसला होता आणि तुकडा जागेवर लावून बघत होता.

"उद्या नाही जमणार," तो म्हणाला. "मी तुला शब्द दिला होता."

ती त्याच्या शेजारी बसली. "तू आईला भेटवायचा शब्द दिला होतास," ती म्हणाली. "विमान कुणाचं ते आईला काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने दोघं निघाली. ते विमान जुनं होतं, पंख बेताचे, टायर हातगाडीला शोभावेत असे. हार्लन मागच्या सीटवर मांडीवर केक घेऊन बसला. खिडकीतून त्या टायरांकडे एकदा बघून त्याने मान फिरवली. बोटाला लागलेलं केकचं क्रीम पुसेपर्यंत सेल्डोव्हिया आलंसुद्धा.

अगाफ्याने लेकीला घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. दोघी रडल्या. हार्लन केक सांभाळत उभा राहिला. मग जेवणं झाली आणि म्हातारीने जावयाला जवळ बसवून घेतलं.

"तुझ्या विमानाचं सांग," ती म्हणाली. "फोनवर दोन वर्षं ऐकतेय."

हार्लन सरसावून बसला. त्याने सगळं सांगितलं. टायर असे, की दगडगोट्यांवर उतरावं. वाळूवर उतरावं. लांब पंख असे, की हिमनदीवरसुद्धा अलगद उतरता यावं. तो बोलत राहिला, म्हातारी केक खात मन लावून ऐकत राहिली. मार्फा खिडकीतून खाडी बघत होती.

"उतरण्याचं कळलं," अगाफ्या शेवटी म्हणाली. "पण बाळा, ते निघतं कुठून?"

हार्लनने केकची सुरी उचलली.

"आई," तो म्हणाला, "तुम्हाला अजून केक देऊ का?"